पट्टी कुठल्या हाताला

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, निकालपत्रच ते! दोन फुलस्केप कागद, मधोमध आखलेली रेघ, एका बाजूला 'बलस्थाने', दुसऱ्या बाजूला 'उणिवा', आणि सगळ्यात खाली लाल पेनाने दहापैकी साडेसहा. तेवीस वर्षं पोरांचे पेपर तपासून तुझ्या हाताला ही खोडच लागली आहे. उद्या यम दारात उभा राहिला तरी तू आधी त्याच्या वहीत समास सोडलाय का ते बघशील. आमच्या मालिकेला साडेसहा देणारी तू पहिलीच. बाकीचे एकतर तिला डोक्यावर घेऊन नाचतात, नाहीतर पाण्यात पाहतात.

शेवटी तू लिहिलं आहेस, 'ताई, तू आतली माणूस, खरं सांग, मी बरोबर ओळखलंय ना?' सांगते. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर मी खोटं फार सफाईने बोलते आणि ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कागदावर मला खोटं जमत नाही. तीस वर्षं जे समोर दिसलं तेवढंच लिहून पोट भरलंय. तेव्हा जरा निवांत बस आणि एकटीच वाच. भाचीला मागाहून काय सांगायचं ते तू ठरव.

तुझं पहिलं बलस्थान, की गोष्ट साधी आहे, ते मला शंभर टक्के मान्य. पस्तिशीची एक मुलगी. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीतली लिफ्ट. चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की दार उघडतं ते थेट तीस वर्षांपूर्वी, आणि समोर तिची आई, वय वर्षं अठ्ठावीस, कानाला हेडफोन लावून गावभरचे फोन जोडत बसलेली. एक दिवस त्या मजल्याला आग लागणार आहे आणि आई त्यात जाणार आहे. मुलीला माहीत आहे, आईला नाही. यंत्रं नाहीत, निळे दिवे नाहीत, राजेरजवाडे नाहीत. मुलगी आईला 'अगं, वेळेवर जेवत जा' म्हणते तिथे तुला रडू आलं म्हणतेस. मलाही आलं होतं, कॅमेऱ्यामागे. आईचं काम करणारी ती पोरगी नवखी आहे, पण फोन येत नसले की खिडकीकडे तोंड करून कशी बसते बघ. आपली आई नाही का, तो हिरवा स्वेटर घालून, बाह्या कोपरापर्यंत सरकवून खिडकीशी बसायची, रस्त्यावरून कोण गेलं कोण आलं त्याची हजेरी घेत? ती ढब मीच त्या पोरीला शिकवली. कुणाची ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

उणिवांतही तुझं फारसं चुकलेलं नाही. मालिकेतला तो काका दर भागात दाराआडून डोकावतो, बिचाऱ्याला दुसरा उद्योगच दिलेला नाही. संगीत असं की कुणी पाण्याचा पेला खाली ठेवला तरी ढोल वाजतात. आणि एका आगीपायी बावीस भाग झाले, अजून काडी पेटायची आहे. पण तुझी खरी तक्रार नियमांबद्दल आहे आणि ती मला लागली, कारण बैठकीत मीही हेच ओरडत होते. पहिल्या भागात ठासून सांगायचं, भूतकाळातून काही म्हणजे काही बरोबर आणता येत नाही, आणि अकराव्या भागात ही बाई आईच्या केसांतली पिन घेऊन खुशाल लिफ्टमधून बाहेर! आमचा लेखक तिशीतला आहे, हुशार आहे, त्याच्या चष्म्याला कायम बोटांचे ठसे असतात. तो म्हणाला, प्रेक्षक विसरतात हो. मी म्हटलं, बाबा रे, असल्या गोष्टीत एकदा नियम मोडलास की पायाखालची फरशीच निघते. मग काहीही होऊ शकतं, आणि काहीही होऊ शकतं म्हटल्यावर कुणाला कशाची भीती उरत नाही. तेव्हा मला असं वाटायचं. आता मला काहीही होऊ शकतं याचीच भीती वाटते. का ते सांगते, पण क्रमाने सांगू दे.

तुझं ते दोनदा अधोरेखित केलेलं बलस्थान. तुझीच वाक्यं उतरवते. 'सर्वांत मोठी ताकद म्हणजे सूचकता. सहाव्या भागात भूतकाळात जखम होते ती डाव्या हाताला, सातव्यात परत येते तेव्हा पट्टी उजव्या हाताला. नवव्या भागात ती स्वतःचं घर उघडते आणि भिंतीवरचं चित्र दुसरंच. कुणी एक शब्द बोलत नाही, तरी कळतं की प्रत्येक फेरीत हिच्या डोक्यातलं काहीतरी पुसलं जातंय. इतकी बारीक पेरणी मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिली नाही.' आणि पुढे, 'यात तुझाच हात असणार, चित्रगुप्तबाई!'

माझाच हात आहे. सेटवर मला चित्रगुप्त म्हणतात कारण सगळ्यांच्या बारीकसारीक हालचालींची नोंद माझ्याकडे. तू लोकांना सांगतेस, कप कुणाच्या हातात होता ते लिहून ठेवण्याचा ताईला पगार मिळतो. थट्टा सोड, कंटिन्युइटीचं काम तेच आहे. आमच्यात कुठलीच गोष्ट सरळ ओळीत होत नाही. बाई दाराबाहेर उभी राहते ती आज, आणि त्याच दारातून आत पाऊल टाकते ते वीस दिवसांनी, दुसऱ्याच इमारतीत. मधल्या काळात पर्स त्याच खांद्याला राहिली पाहिजे, केसाची बट त्याच कानामागे, चहा कपात तेवढाच. नाहीतर घरी बसलेला माणूस म्हणतो, हे काय! त्यासाठी माझ्याकडे तीन गोष्टी असतात, वही, फोटो आणि डोकं. वही आणि फोटो तर कुणीही बाळगेल. माणसं मला बोलावतात ती डोक्यासाठी.

त्या दिवशी पट्टी बांधायची होती. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, डावा ना? वही माझ्या मांडीवर होती. मी ती न उघडताच म्हटलं, उजवा. त्या म्हणाल्या, मला डावा आठवतोय. आणि बारके, मी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं, की तुम्हाला आठवण्यासाठी ठेवलेलं नाही, मला ठेवलंय. त्यांचं तोंड एवढंसं झालं. उजव्या हाताला पट्टी बांधली, सीन झाला, पॅकअप झालं. तो भाग लागल्यावर सहज म्हणून वही उघडली. माझ्याच अक्षरात, हाताचं चित्र काढून, बाण दाखवून लिहिलेलं, 'डावा'. खाली दोन रेघा. शेजारी फोटो. चुका होतात गं, माझ्याही झाल्या आहेत. पण चूक झाली की आधी कुठेतरी शंका असते, मनात काहीतरी टोचत असतं. इथे काही टोचलं नव्हतं. मला तो उजवा हात दिसत होता, रक्तासकट. आत्ता हे लिहिताना डोळे मिटले तरी उजवाच दिसतो. भिंतीवरच्या चित्राचंही तेच झालं, ते तर मी स्वतः उभी राहून लावून घेतलं होतं.

राजीनामा लिहून पर्समध्ये घातला आणि सेटवर गेले, तर तिथे टाळ्या! प्रेक्षकांनी पट्टी आणि चित्र दोन्ही हेरलं होतं. कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं, की अरे, हिची आठवण जातेय, आणि ते वणव्यासारखं पसरलं. लेखकाने मुलाखतीत सांगून टाकलं की हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन म्हटलं, चित्रगुप्ताने आम्हालाही पत्ता लागू दिला नाही. मी हसले, बारके. टाळ्या घेतल्या. कपडेपटातल्या बाई तेवढ्या टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांची नजर मला रागाची वाटली नाही, कीव केल्यासारखी वाटली. राजीनामा संध्याकाळी घरी येऊन फाडला.

चौदाव्या भागापासून तो नियमच झाला. आईला वाचवायला जायचं, आणि दर खेपेला आपल्या डोक्यातलं काहीतरी तिथेच सोडून यायचं. तू म्हणतेस, इथून मालिकेला खरा अर्थ आला. आला. मी नुसती प्रेक्षक असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण त्यानंतर दर सोमवारी बैठक बसते ती एकाच प्रश्नावर, की पुढे ती काय विसरेल? माणसं उत्साहाने सांगतात. कुणी म्हणतं, घराचा पत्ता. कुणी म्हणतं, नवऱ्याचं नाव. कुणी म्हणतं, नको, नाव शेवटच्या भागासाठी ठेवू. हसतात, चहा पितात, फळ्यावर लिहितात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तो फळा बघते आणि मला वाटतं, ही सगळी माझ्याबद्दल बोलत आहेत आणि मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षात नाही. एकदा लेखक वळून म्हणाला, चित्रगुप्त, तुम्ही सांगा, माणूस सगळ्यात आधी काय विसरतो? मी म्हटलं, मला काय ठाऊक, आणि हात धुवायला उठून गेले. नळ सोडून किती वेळ उभी होते कोण जाणे, साफसफाई करणाऱ्या बाईने येऊन तो बंद केला.

ठाऊक होतं मला. माणूस वस्तू विसरत नाही आधी, आधी मागचं पुढे आणि पुढचं मागे होतं. तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. तू तेव्हा तिकडे लांब, सासरी, दिवस गेलेले. एका दुपारी आई पानं घेता घेता मला म्हणाली, बारकीला हाक मार, शाळेतून आली की नाही? मी हसले. मला वाटलं, गंमत करते. मग ती दारात जाऊन तुझ्यासाठी उभी राहिली. त्यानंतर वर्षभर तू फोनवर विचारायचीस, आई कशी आहे, आणि मी म्हणायचे, ठणठणीत! आईला दे म्हणालीस की ती झोपलेली असायची, नाहीतर अंघोळीला गेलेली. त्या वर्षी आईने माझ्या तोंडून जितक्या अंघोळी केल्या तितक्या साऱ्या जन्मात केल्या नसतील. तुझे दिवस भरत आलेले, मग तू ओली बाळंतीण, तुला कशाला घोर, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि मला ते खरं व्हायला नको होतं.

मग तू चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आलीस. आई खिडकीशी बसली होती, तोच निळा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत वर. तुला बघून उठली, अदबीने म्हणाली, या, कुणाकडे आलात आपण? बाळाला मांडीवर घेतलं, गालाला हात लावून म्हणाली, गोड आहे हो, आजीवर गेली आहे का? तू माझ्याकडे वळून बघितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणालीस, ताई, माझी वर्षभराची आई तू खाल्लीस. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आपण हसतो, भांडतो, एकमेकींना मार्क देतो, पण ते वाक्य अजून तसंच आपल्या दोघींच्या मध्ये ठेवलेलं आहे. तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गेल्या महिन्यात पॅकअप लवकर झालं. भर दुपार, लख्ख ऊन, डोकं शांत. घराजवळच्या औषधाच्या दुकानात शिरले आणि आईचं गुडघ्याला लावायचं मलम मागितलं. दुकानदाराने विचारलं, मोठी ट्यूब देऊ का लहान? मी म्हटलं, मोठीच द्या, तिला आठवडाभरही पुरत नाही. घरी आले, चपला काढल्या, हाक मारली, 'आई, आणलं गं.' घर गप्प होतं. मी दोन-तीनदा हाक मारली, जरा वैतागूनच. मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे लक्ष गेलं. बारके, आमच्या मालिकेत दार उघडलं की निदान संगीत वाजतं, बघणाऱ्याला कळतं की काळ बदलला. माझ्यासाठी काही वाजलं नाही. मी चपला घातल्या होत्या त्याच पायांनी नऊ वर्षं मागे जाऊन आले आणि मला पत्ता नव्हता. आणि तिकडून काही आणता येत नाही म्हणतात ना? ती ट्यूब माझ्या पर्समध्ये आहे. फेकवत नाही, आणि पर्स उघडताना तिच्याकडे बघवत नाही.

तेव्हापासून मी स्वतःच्या घराची कंटिन्युइटी ठेवते. निघताना गॅसच्या बटणांचा फोटो, नळाचा फोटो, कुलपाचा फोटो. सेटवर पोचले की आधी ते बघते. फोनमध्ये आता हिरॉइनच्या हातांपेक्षा माझ्या गॅसचेच फोटो जास्त आहेत. सकाळी जाग आली की उठायच्या आधी मनात म्हणते, आई गेली, बारकी शिकवते, भाची नववीत, आज अमुक वार. पाढे म्हणावेत तसे. एखादा आकडा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि मग दिवसभर म्हणतच राहते. आईला सुरू झालं तेव्हा ती एकसष्टची होती. मी चौपन्नची आहे. वजाबाकी तू कर, गणित तुझा विषय.

शेवटी आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तीन शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं बोलले, मग ते शब्द परत विचारले. दोन आले. मग कागद पुढे सरकवून म्हणाले, एक घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तीस वर्षं पडद्यावरची घड्याळं मी लावत आले, मला काय त्याचं! पेन उचललं आणि अगदी सहज विचारलं, कुठल्या सीनचं? डॉक्टर हसले. मीही हसले. मग ते हसायचे थांबले. कारण मी कागदावर पेन टेकवून खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

म्हणून हे पत्र. मालिकेचे मार्क मागाहून ठरवू. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मोठ्या दवाखान्यात तपासणी आहे, आणि त्यांनी सांगितलंय की तुम्हाला आधीपासून ओळखणाऱ्या कुणाला तरी बरोबर आणा, पूर्वी कशी होते ते सांगायला. वह्या कपाटभर आहेत माझ्याकडे, पण त्यात मी कुठेच नाही. मी फक्त तुझ्याकडे आहे. मला फार भीती वाटते आहे, बारके, आणि या वेळी तुझं एक वर्ष, एक दिवससुद्धा, मला खायचा नाही. ये. आल्यावर रागाव, ओरड, काय हवं ते कर, पण ये. पाकिटात घालण्याआधी सवयीप्रमाणे पत्र पहिल्यापासून वाचून काढलं. आईचा स्वेटर मी आधी हिरवा लिहिलाय आणि पुढे तोच स्वेटर निळा. एक खोडायला पेन उचललं, पण कुठला खोडू? दोन्ही मला स्वच्छ दिसतात, बाह्यांसकट, खिडकीसकट. कपाटात फोटो शोधला, त्या स्वेटरमधला एकही नाही. तू लाल पेन घेऊन बसशील तेव्हा त्याला गोल करू नकोस. येशील तेव्हा दारातच सांग मला, हिरवा होता की निळा?

तुझीच,
मोठी